वडसा येथील नाटकांचा बाजार : कलाकार पाहून तारीख घ्यावी

मोठ्या शहरांत कलाकारांसाठी निवास असतात. चित्रकार, शिल्पकार तेथे काही आठवडे किंवा महिने राहून काम करतात आणि मुदत संपत आली की एक दिवस आपल्या कामाच्या खोल्या सर्वांना उघड्या ठेवतात. याला ओपन स्टुडिओ म्हणतात. प्रदर्शनात तयार माल दिसतो. येथे अर्धवट चित्र, पुसलेल्या रेघा, वाया गेलेला रंगही दिसतो, आणि कलाकाराला समोरासमोर विचारता येते. कापडवाल्याला हे फार समजावून सांगायला नको. दुकानात ठाणाची घडी पाहणे वेगळे आणि मागापाशी उभे राहून ताणाबाणा पाहणे वेगळे. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये 1950-60 च्या काळात हुसेन, गायतोंडे चित्रे काढीत, पंडित रविशंकरांचे संगीताचे वर्ग चालत आणि गच्चीवर अल्काझींची नाटके होत. एका आवारात इतके कसब होते.

अर्जुनी मोरगावच्या माणसाला मात्र इतके लांब जाण्याचे कारण नाही. याच रेल्वे मार्गावर, गडचिरोली जिल्ह्यात वडसा म्हणजे देसाईगंज आहे. झाडीपट्टीतील, म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील, नाटक कंपन्यांची ही पेठ. दिवाळीपासून होळीपर्यंत कलाकार येथे मुक्काम करतात, कंपन्यांची कार्यालये उघडतात, नव्या नाटकांचे रंगीत फलक लागतात आणि गावोगावची मंडळे तारखा घेण्यासाठी येतात. मुंबई-पुण्याचे नटही येथे येऊन काम करतात. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर पाच हजारांहून अधिक प्रयोग आहेत. असा आकडा शहरातल्या कितीशा नटांना गाठता येईल?

आता व्यवहार समजून घेऊ. मंडळ कंपनीला एका रात्रीची ठरलेली रक्कम देते. बयाणा देऊन तारीख पक्की होते. मांडव, कनाती, वीज, जाहिरात हे मंडळाकडे, आणि तिकिटाचे उत्पन्नही मंडळाचे. म्हणजे जोखीम गावाच्या अंगावर असते. समजा, नाटकाचे 80 हजार ठरले, मांडव व दिव्यांचे 40 हजार आणि किरकोळ 10 हजार. एकूण 1 लाख 30 हजार. तिकीट 100 रुपये धरले तर 1300 माणसे आत आल्यावर खर्च निघतो. त्यापुढचे प्रत्येक तिकीट नफा. तो देऊळ, शाळा, रस्ता अशा गावच्या कामाला लावण्याची पद्धत आहे. पण माणसे 900 आली तर 40 हजारांची खोट कोणी भरायची? कंपनीला ठरलेले पैसे द्यावेच लागतात. मग मांडववाल्याचे थकतात, आणि मांडववाल्याकडे आमच्यासारख्या कापडवाल्यांचे. कनातीचे जाड कापड, पडद्याचा मांजरपाट, राजाच्या अंगरख्याची साटीन हे सगळे उधारीवर जाते आणि पैसे होळीनंतर येतात. नाटक पडले की ती होळी पुढच्या दिवाळीपर्यंत लांबते.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की फलकावरचे नाव आणि फोटो पाहून तारीख घेऊ नये. मंडळाच्या दोन जाणत्या माणसांनी, त्यांत एक बाई असावी (निम्मे प्रेक्षक बायाच असतात), आधी त्या कंपनीचा दुसऱ्या गावचा प्रयोग तिकीट काढून पाहावा. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, तेव्हा पहिला अंक पाहून परत फिरू नये. तिसऱ्या अंकात माणसे बसून आहेत की उठून चहाला जातात, हे पाहावे. गाणारा सुरात आहे का, वाद्ये नीट आहेत का, पडदे फाटके आहेत का, तेही पाहावे. फाटका पडदा लावणारी कंपनी बाकी गोष्टींतही काटकसर करते, असा आमचा अनुभव आहे. ठरलेला मुख्य नट आला नाही तर रकमेत किती कपात, पावसाने प्रयोग गेला तर बयाण्याचे काय, हे करारात लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर भाऊबंदकीतही भांडणे होतात.

तारीखही विचारपूर्वक निवडावी. ज्या गावी दिवसा शंकरपट, त्या गावी रात्री नाटक, अशी जुनी रीत आहे. पाहुणे आधीच आलेले असतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा ही जोडी तुटली होती. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि मे 2023 च्या निकालाने ती कायम झाली. मध्ये 2020 च्या दिवाळीनंतरचा हंगाम कोरोनाच्या निर्बंधांत कोलमडला. त्या वर्षी कलाकारांना मजुरी शोधावी लागली आणि आमच्याकडचा मांजरपाट गाठोड्यातच राहिला.

कराचे भय काही मंडळांना वाटते. नाटकाचे तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. ही मर्यादा 2018 मध्ये 250 वरून वाढवली गेली. गावचे तिकीट तेथवर जात नाही. तरी तिकीटपुस्तकांवर अनुक्रमांक छापून घ्यावेत आणि रात्रीच दोघांच्या सह्यांनी गल्ला मोजावा.

वडसा येथे जायचे तर सकाळी जावे. कलाकार रात्रीचे जागलेले असतात, पण कार्यालयात माणूस भेटतो. दुपार कलली की गाड्या सामान भरून गावोगाव निघतात, आणि मग बोलायला कोणाला फुरसत नसते.