लहान मोटारीतून काय वजा होते?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा अधिभारही गेला. किमती उतरल्याच्या जाहिराती पानोपानी झळकल्या. दुचाकीवरून चारचाकीकडे वळू पाहणाऱ्या मध्यमवर्गाला दिलासा मिळाला, आणि तो मिळणे रास्तच होते. मात्र कराच्या भाषेत ‘लहान मोटार’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न या धामधुमीत बाजूलाच राहिला.

या व्याख्येचे मूळ २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. लांबी चार मीटरपेक्षा जास्त नाही आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० व डिझेलचे असल्यास १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत, अशा मोटारींवरील उत्पादन शुल्क त्या वर्षी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. हेतू सामान्य ग्राहकाला स्वस्त मोटार मिळावी हा होता. परंतु व्याख्येत लांबी आली, इंजिनाचा आकार आला; किंमत आली नाही. कारखानदारांनी त्याचा अर्थ चटकन ओळखला. ऐसपैस डिकीच्या मोटारींची शेपटी छाटून त्या चार मीटरमध्ये बसवण्यात आल्या आणि पाठोपाठ उंच बांध्याच्या, ऐटबाज पण तेवढ्याच लांबीच्या गाड्या आल्या. आज चार लाखांची साधी मोटार आणि बारा लाखांची सर्व सुखसोयींनी युक्त गाडी, दोन्ही एकाच १८ टक्क्यांच्या रकान्यात बसू शकतात. सवलतीची रक्कम किमतीच्या प्रमाणात वाढत असल्याने महाग गाडी घेणाऱ्याच्या पदरात ती अधिक पडते. ‘लहान’ या शब्दाने गरिबाचे नाव घेतले आणि लाभ वरच्या पायरीवर गेला, असेच म्हणावे लागते.

आता वस्तूकडे वळू. स्वस्त मोटार स्वस्त कशी होते? याचा सर्वांत प्रामाणिक पाठ पुण्याच्या अभियंत्यांनी घडवलेल्या ‘नॅनो’ने दिला. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत दाखवलेली आणि २००९ मध्ये बाजारात आलेली ही गाडी म्हणजे वजाबाकीचे गणितच होते. दोन सिलिंडरचे ६२३ घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढच्या काचेवर एकच वायपर, चाकाला चाराऐवजी तीन नट. मूळ नमुन्यात डाव्या बाजूचा आरसा नाही, वातानुकूलन नाही, आणि मागचे दार तर बरीच वर्षे उघडतच नव्हते. यातल्या अनेक वजाबाक्या कल्पक होत्या. तीन नटांनी कोणाचे काही बिघडले नाही. तरीही साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची असताना सर्वांत चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, जेमतेम पाऊण लाख गाड्या खपल्या, आणि २०१८ नंतर उत्पादन थांबले. गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्यांचा आणि सिंगूरहून कारखाना हलवण्यात गेलेल्या काळाचा त्यात वाटा होता. पण मुख्य कारण निराळे दिसते. मोटार ही आपल्याकडे वाहन असते तशी पत्रिकाही असते. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का दारात उभा करण्यासाठी कर्ज काढायला कोणी राजी नव्हते.

हा धडा पुढच्या मंडळींनी पक्का गिरवला. २०१५ मध्ये चेन्नईजवळ तयार होणारी ‘क्विड’ २ लाख ५७ हजारांपासून बाजारात आली. वायपर तिलाही एकच, चाकाला नटही तीनच. पण बांधा उंच आणि रुबाबदार, आणि वरच्या नमुन्यात बोटाने चालणारा पडदा. गाडी चांगली खपली. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने केलेल्या टक्कर-चाचणीत मात्र तिच्या पहिल्या नमुन्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. चालकासाठी एअरबॅग असलेला नमुनाही त्यात होता. त्याआधी २०१४ मध्ये याच संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळल्या, तेव्हा पाचही शून्यावर बाद झाल्या होत्या. त्यांतल्या ‘पोलो’ला दोन एअरबॅग लावून पुन्हा तपासले असता चार तारे मिळाले, कारण तिचा सांगाडा मुळात भक्कम होता. इतर काहींचा सांगाडाच चेपत असल्याने नुसत्या एअरबॅगेने फारसे साधले नसते.

म्हणजे वजाबाकी दोन प्रकारची असते. आरसा, पडदा, वातानुकूलन ग्राहक दुकानात उभा राहून पाहतो. त्यांच्या अभावाची त्याला जाणीव असते. सांगाड्यातील पोलादाची प्रत, जोडकामाची मजबुती, टकरीत सुकाणूचा दांडा छातीकडे किती सरकेल, हे त्याला दिसत नाही. जे दिसत नाही ते वगळून जे दिसते ते वाढवावे, ही स्पर्धेतल्या उत्पादकाची स्वाभाविक ओढ आहे. तिच्यावर ग्राहकाची सावधगिरी हा पुरेसा उपाय नव्हे. तेथे कायदाच लागतो.

कायदा आला, उशिरा का होईना. २०१९ मध्ये ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग २०२१ पासून लागू होऊ लागली. एप्रिल २०२० पासून धुराचे कडक निकष आले. त्याआधी, सप्टेंबर २०१८ पासून, नव्या मोटारीचा तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा आगाऊ भरणे भाग पडले. यातली प्रत्येक गोष्ट समर्थनीय आहे. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, हा आकडा समोर ठेवून एअरबॅगेला विरोध करणे कोणालाही शोभणार नाही. ब्राझीलमध्येही हेच घडले. १ जानेवारी २०१४ पासून तेथे सर्व नव्या मोटारींना एअरबॅग आणि ती ब्रेक-यंत्रणा बंधनकारक झाली, आणि वीस-पंचवीस वर्षे ‘जनतेची मोटार’ म्हणून खपलेली ‘उनो मिल’ इतिहासजमा झाली.

अडचण खर्चाच्या वाटणीची आहे. एअरबॅगेचा, धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा किंवा विम्याचा बोजा गाडीच्या किमतीच्या प्रमाणात कमी होत नाही. बारा लाखांच्या गाडीत जी रक्कम सहज मुरते, ती चार लाखांच्या गाडीची किंमत ठळकपणे वाढवते. त्यामुळे एके काळी लाखांच्या संख्येने खपणारी पाच लाखांखालील मोटार बाजारातून जवळजवळ दिसेनाशी झाली. त्या ग्राहकाने काय केले? काहींनी जुनी, एअरबॅग नसलेली गाडी घेतली. पुष्कळजण दुचाकीवरच राहिले, आणि २०२२ च्या त्या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचेच होते.

एखाद्या लिपिकाचा हिशेब मांडून पाहावा. चार लाखांची गाडी, ऐंशी हजार पदरचे, उरलेल्या ३ लाख २० हजारांचे ९ टक्क्यांनी सात वर्षांचे कर्ज. महिन्याचा हप्ता सुमारे ५,१५० रुपये आणि सात वर्षांत व्याजच एक लाख बारा हजारांच्या घरात. त्याशिवाय महाराष्ट्रात पेट्रोलच्या मोटारीवर ११ टक्के पथकर, म्हणजे आणखी चाळीस हजारांच्या आसपास. विमा आणि पेट्रोल वेगळेच.

यावर आक्षेप येईल की शहरे आधीच तुंबली आहेत, मोटारी स्वस्त कशाला करायच्या? आक्षेप बिनतोड आहे, पण तो बारा लाखांच्या गाडीलाही तितकाच लागू पडतो, आणि तिला सवलत देताना तो कोणाला आठवत नाही. जेथे वेळेवर बस आहे तेथे मोटार नकोच. पण जेथे रात्री आठनंतर एस.टी. नाही, तेथे आजारी माणसाला न्यायला दुचाकी हा पर्याय नव्हे.

सवलतीचा पाया लांबीवरून काढून किंमत आणि टक्कर-चाचणीतील गुण यांवर नेता येईल. चाचणीत चांगले गुण मिळवणाऱ्या पाच-सहा लाखांपर्यंतच्या गाडीला कमी दर आणि त्यावरच्या गाडीला, ती चार मीटरची असली तरी, अधिक दर लावता येईल. भारताची स्वतःची टक्कर-चाचणी योजना २०२३ पासून सुरू असल्याने गुण ठरवण्याची सोय घरचीच आहे. राज्य सरकारला तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राच्या पथकरात पेट्रोलच्या मोटारीसाठी दहा लाखांखाली एकच टप्पा आहे. चार लाखांची आणि साडेनऊ लाखांची गाडी सारखेच ११ टक्के भरते. या टप्प्याचे दोन भाग करणे हे एका दुरुस्तीचे काम आहे.