स्क्रीन काळी झाल्यानंतरचे पाच सेकंद

संगणक बंद करायला सांगितला, स्क्रीन काळी झाली, पण पंखा अजून फिरतोच आहे आणि कोपऱ्यातला दिवा लुकलुकतो आहे. घाई असली की आपण पॉवरचे बटण दाबून धरतो. चारेक सेकंदांत यंत्र गप्प होते. त्याच वेळी आत डिस्कची आवराआवर चालू असू शकते, आणि ती अर्धवट तुटणे महागात पडू शकते.

‘फाइल सेव्ह झाली’ असे दिसले म्हणजे ती कायमची उमटली, असे नाही. वेग वाढावा म्हणून डिस्क माहिती आधी स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवते आणि सवडीने पक्की लिहिते. वीज गेली की ती मेमरी कोरी. एसएसडीत आणखी एक भानगड असते. कोणती माहिती नेमकी कुठे आहे याचा नकाशा ती सतत बदलत असते. त्याचा ताजा भाग बऱ्याचदा पक्का लिहायचा राहिलेला असतो. मग पुढच्या वेळी चालू होताना नकाशा पुन्हा जुळवावा लागतो. क्वचित तो जुळत नाही, आणि एखादी फाइल नव्हे, सगळी डिस्कच दिसेनाशी होते.

जुन्या हार्ड डिस्कचे दुखणे यांत्रिक. तिथे वीज तुटली तर फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतून वीज काढून वाचणारे हेड घाईघाईने बाजूला ओढले जाते. युक्ती झकास, पण आणीबाणीसाठीच; रोज वापरली तर झीज वाढते.

लिनक्सचे उदाहरण घेऊ, कारण त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. बंद होताना लिनक्स उपकरणे जोडल्याच्या उलट क्रमाने थांबवते. मंडप उतरवताना आधी कापड, मग बांबू, तसेच. डिस्क ज्या मार्गाने बोलते तो मार्गच आधी बंद केला, तर तिला निरोप पोचणार कसा? हल्लीच्या लॅपटॉपमधल्या एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर नवी कामे अडवतो, हातातली संपू देतो आणि मग कंट्रोलरच्या एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये ‘बंद हो’ अशी खूण करतो. कंट्रोलर दुसऱ्या रजिस्टरमध्ये आधी ‘आवरतो आहे’ आणि शेवटी ‘आवरले’ अशी नोंद करतो. तोवर ड्रायव्हर थांबतो: एरवी ५ सेकंदांपर्यंत, आणि आपल्याला जास्त वेळ लागतो असे डिस्कने आधीच कळवले असेल तर कमाल ६० सेकंद.

गंमत म्हणजे खरा पेच वीज जाते तेव्हा नाही, तर ती जात नाही तेव्हा येतो. रीस्टार्टमध्ये डिस्क जागीच असते. ‘अमुक माहिती मेमरीत अमुक पत्त्यावर नेऊन ठेव’ असा जुना हुकूम तिच्याकडे शिल्लक असू शकतो, आणि ती मेमरीत थेट लिहिते, प्रोसेसरला न विचारता. एरवी मधे फर्मवेअर येऊन उपकरणे नव्याने सुरू करते. पण मोठ्या सर्व्हरवर त्यात काही मिनिटे जातात, म्हणून लिनक्समध्ये ‘केएक्सेक’ नावाची सोय आहे: फर्मवेअर वगळून थेट नवी सिस्टिम सुरू. अशा वेळी ड्रायव्हरने कंट्रोलर नीट थांबवला नसेल, तर जुन्या भाडेकरूने मागवलेले सामान नव्याच्या घरात येऊन पडते. नवी सिस्टिम कोसळते आणि कारण शोधणाऱ्याची झोप उडते.

सिस्टिम स्वतःच कोसळली तर निरोपाला कोणीच उरत नाही. तिथे लिनक्सने संशयी, आणि माझ्या मते शहाणा, मार्ग काढला आहे. मेमरीचा एक तुकडा सुरुवातीपासूनच राखून ठेवायचा, जिथे डिस्कला कधीही लिहायला सांगितलेले नसते. कोसळण्याचा पंचनामा करणारी दुसरी सिस्टिम तिथूनच उठते.

आपल्या डिस्कला असे किती झटके बसले, हे घरबसल्या पाहता येते. एनव्हीएमई डिस्क ‘अनसेफ शटडाउन्स’ हा आकडा स्वतःच मोजते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही मोफत साधने तो दाखवतात. शेजारी ‘पॉवर सायकल्स’ म्हणजे एकूण किती वेळा वीज मिळाली, तो आकडा असतो. दोन्ही ताडून पाहा. पहिला आकडा वाढतच असेल, तर आधी बॅकअप घ्या, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी तपासून घ्या.