स्पॅनिश शिकायला गेलेली पोरं हॉस्टेल सोडून अनोळखी लोकांच्या घरात का राहतात?

क्लास लावला, ॲप डाउनलोड केलं, क्रियापदांची रूपं पाठ केली. तरी समोर स्पॅनिश बोलणारा माणूस आला की तोंडातून शब्द फुटत नाही. भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाचं हे दुखणं आहे. त्यावर अनेक विद्यापीठांनी एक उपाय शोधलाय. विद्यार्थ्याला थेट त्या देशात पाठवायचं आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहायला ठेवायचं. यालाच म्हणतात होमस्टे.

यासाठी प्रसिद्ध असलेलं एक शहर म्हणजे स्पेनमधलं सालामांका. इथलं विद्यापीठ १२१८ सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही चारशे वर्षं आधीचं. याच शहरात १४९२ साली आंतोनियो दे नेब्रिखाचं स्पॅनिश व्याकरण छापलं गेलं. आज जगभरातून विद्यार्थी इथे स्पॅनिश शिकायला येतात.

हे नेमकं चालतं कसं?

विद्यापीठाकडे किंवा कोर्स चालवणाऱ्या संस्थेकडे कुटुंबांची यादी असते. विद्यार्थी आपल्या सवयी, पथ्यपाणी, ॲलर्जी कळवतो आणि त्यानुसार घर ठरतं. राहण्या-जेवणाचे पैसे कुटुंबाला मिळतात. त्यामुळे तुम्ही पाहुणेही नसता आणि निव्वळ भाडेकरूही नसता. सकाळी वर्ग, दुपारी घरी जेवण, असा दिवस जातो.

खरा वर्ग भरतो तो जेवणाच्या टेबलावर. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाला. जेवण झाल्यावर लगेच कुणी उठत नाही. आपल्याकडे हात वाळेपर्यंत गप्पा रंगतात, तसंच. त्यासाठी स्पॅनिशमध्ये खास शब्दच आहे, 'सोब्रेमेसा'.

मराठी माणसाला एक फायदा आयताच मिळतो. स्पॅनिशमधला 'तू' आणि 'उस्तेद' म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही'. इंग्रजीत हा फरक राहिलेला नाही, आपल्याला तो शिकवावा लागत नाही.

पण घरात राहिलं की भाषा येतेच का?

इथेच मेख आहे. रशियात शिकायला गेलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. होमस्टेमधली मुलं बोलण्यात जास्त पुढे जातील, असं सगळ्यांना वाटत होतं. निघालं उलटंच, वसतिगृहातली मुलं बोलण्यात पुढे निघाली. घरात राहणाऱ्यांची प्रगती वाचनात जास्त दिसली.

याचा अर्थ होमस्टे वाईट असा नाही. घर फक्त संधी देतं. पण जेवण झालं की खोलीचं दार लावून मोबाईलवर घरच्यांशी बोलत बसलात, तर स्पेनमध्ये राहूनही तुम्ही घरीच असता. घरात दिवसभर टीव्हीच चालू असेल, तर तिकडूनही संवाद होत नाही.

मग करायचं काय?

स्वयंपाकघरात जाऊन बसा. भाजी चिरायला मदत करा. रोज एक प्रश्न ठरवून विचारा. वाक्य चुकलं तर 'मला सुधारा' असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, कारण यजमान सभ्यपणे चुका पोटात घालतात.

शाकाहारी असाल तर 'मी मांस खात नाही' एवढ्यावर थांबू नका. हॅम, सॉसेज, मासे, अंडी यातलं काय चालतं आणि काय नाही, हे एकेक करून सांगा. मसूरच्या आमटीसारखी दिसणारी 'लेंतेखास' तिथे बऱ्याचदा सॉसेज घालूनच शिजवतात.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: किती वेळचं जेवण, कपडे धुण्याची सोय, विद्यापीठापासूनचं अंतर आणि घर जमलं नाही तर बदलून मिळतं का. कोर्स ९० दिवसांपेक्षा मोठा असेल तर भारतीयांना विद्यार्थी व्हिसा लागतो, त्याची तयारी आधीपासून ठेवा.

आणि घरातल्यांचा स्वभाव पटला नाही, तर कुढत बसू नका. विद्यापीठाच्या समन्वयकाला पहिल्याच आठवड्यात सांगा. हाती असलेले महिने मोजकेच असतात.