कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. कर्जदारांची माहिती आमच्याकडे निरनिराळ्या यंत्रणांकडून येते, आणि बहुतेक वेळा जेसनमध्ये. जेसन म्हणजे महिरपी कंसात मांडलेला साधा मजकूर: डावीकडे नाव, मध्ये दोन टिंबं, उजवीकडे किंमत. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास रूढ केलेली ही मांडणी इतकी सुटसुटीत आहे की तिच्यात तारखेसाठी वेगळा प्रकारसुद्धा नाही.

जावाचं तसं नाही. रक्कम कोणत्या प्रकारची, तारीख कोणत्या, हे तिथे आधीच ठरवून ठेवावं लागतं. आलेल्या मजकुरातून असा ठरीव ऑब्जेक्ट घडवणं म्हणजे डिसीरियलायझेशन. त्यासाठी आम्ही जॅक्सन नावाची लायब्ररी वापरतो. गूगलची जीसनही आहे. दोन्हीकडची नावं जुळली की एका ओळीत काम होतं. नाव वेगळं असेल तर फील्डवर एक अ‍ॅनोटेशन लावलं की भागतं.

खरी गंमत किमतींची. ‘१,२५,०००.५०’ अशी स्वल्पविरामांसकट रक्कम आली की जॅक्सन अडतं. मग स्वतःचा डिसीरियलायझर लिहायचा: जॅक्सनच्या मूळ क्लासवरून बेतलेला छोटा क्लास, त्यात मुख्य मेथड एकच. ती मजकूर घेते, स्वल्पविराम काढते आणि बिगडेसिमल परत देते. डबल नको. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर नेमके ०.३ येत नाहीत, आणि पतसंस्थेचे अकाउंटंट एका पैशासाठी सगळ्यांना उशिरापर्यंत बसवून ठेवतात. तारखेचंही तेच. ०३/०४/२०२४ ही आपली तीन एप्रिल, अमेरिकन यंत्रणेची चार मार्च. दोन्ही तारखा खऱ्या, म्हणून चूक कुणाला दिसतही नाही.

पण मला सगळ्यात धोकादायक वाटते ती कोरी जागा. आमच्याकडे ‘थकीत दिवस’ असं एक फील्ड आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँका ते कर्ज अनुत्पादक धरतात, म्हणजे या आकड्यावर बरंच काही अवलंबून. जुन्या कोडमध्ये त्याचा प्रकार साधा इंट होता. इंटमध्ये ‘माहीत नाही’ ठेवायला जागाच नसते. त्यामुळे कोरी किंमत आली की जॅक्सनची २.x आवृत्ती, मुद्दाम अडवलं नाही तर, तिथे मुकाट शून्य भरते. शून्य दिवस थकीत, म्हणजे कर्जदार अगदी वेळेवर भरणारा!

या जागेचा अर्थ काय, हे जावाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नव्हतं. एका संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन केला.

“मॅडम, खातं बंद झालं की आम्ही ते कोरं सोडतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या संस्थेत विचारलं, तर उत्तर आलं, “महिनाअखेरचा हिशेब झाला नाही तोवर ते रिकामंच असतं हो.”

फील्ड एकच, अर्थ दोन. म्हणून डिसीरियलायझरही दोन. क्लासवर अ‍ॅनोटेशन लावलं असतं तर सगळ्यांना एकच नियम लागला असता. त्याऐवजी दर संस्थेसाठी वेगळा ऑब्जेक्टमॅपर ठेवला आणि तिचा डिसीरियलायझर मॉड्यूलमधून त्यात नोंदवला. आता एक ‘बंद’ देतो, दुसरा ‘हिशेब बाकी’. शून्य कुणीच आपल्या मनाने देत नाही.

अनोळखी फील्ड आलं की जॅक्सन २.x मुळात थांबतं. पुष्कळ जण ही कटकट नको म्हणून ती तपासणी बंद करतात. मला ते पटत नाही. फील्डच्या नावात एक अक्षर चुकलं तरी माहिती गुपचूप गळते. मी अनोळखी फील्डं वेगळी गोळा करते आणि लॉगमध्ये लिहून ठेवते.

डिसीरियलायझरला काही उमगलंच नाही तर तो एक्सेप्शन टाकतो. कोणती नोंद, कोणतं फील्ड, काय किंमत आली, हे त्या संदेशात मराठीत लिहायचं असा माझा आग्रह आहे. तो संदेश शेवटी संस्थेतल्या क्लार्कला वाचायचा असतो.