मॉरिशसमधील शालेय विद्यार्थिजीवन

मॉरिशस या हिंदी महासागरातील द्वीपराष्ट्रात विद्यार्थ्याचा शालेय दिवस एकाहून अधिक भाषांत विभागलेला असतो. बहुतेक मुले घरी क्रेओल बोलतात, पाठ्यपुस्तके मात्र इंग्रजीत असतात. फ्रेंच हा पहिल्या इयत्तेपासून सक्तीचा विषय आहे. यांखेरीज हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, अरबी, चिनी यांपैकी एक भाषा ऐच्छिक विषय म्हणून घेता येते. 2012 पासून क्रेओलही या यादीत आहे.

ऐच्छिक भाषेच्या तासाला एरवी एकत्र बसणारा वर्ग विखुरतो आणि मुले आपापल्या भाषेच्या शिक्षकाकडे जातात. मराठी शिकणारी मुले मुख्यत्वे कोकणातून आलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशातील असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात आता मराठी बोलली जात नाही. त्यामुळे देवनागरीची ओळखही शाळेतच होते. तिला मातृभाषा म्हणण्यापेक्षा वारशाची भाषा म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. मोका येथील महात्मा गांधी संस्था भारतीय भाषांची पाठ्यपुस्तके तयार करते व शिक्षकांना प्रशिक्षण देते.

माध्यमाचा प्रश्न अधिक बिकट आहे. खालच्या इयत्तांत शिक्षक क्रेओलमध्ये समजावून सांगतात. परंतु उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावी लागते. हिशेब तोंडी अचूक करणारे मूल शाब्दिक उदाहरणाचे इंग्रजी न उमगल्यामुळे अडू शकते. घरी इंग्रजी वा फ्रेंच पुस्तके नसलेल्या मुलांना याची झळ अधिक बसते.

सहावीच्या अखेरीस राष्ट्रीय परीक्षा होते. 2017 पासून तिचे स्वरूप बदलले असले, तरी चांगल्या माध्यमिक शाळेसाठीची चढाओढ सरलेली नाही. माध्यमिक शिक्षण 1977 पासून निःशुल्क आहे आणि 2005 पासून विद्यार्थ्यांना बसप्रवासही विनामूल्य आहे. तथापि खासगी शिकवण्यांचा खर्च पालकांनाच सोसावा लागतो. शाळा सुटल्यावर गणवेशातच शिकवणीला जाणारी मुले हे तेथील नित्याचे दृश्य आहे. अकरावी व तेरावीच्या अखेरीस केंब्रिजशी संलग्न परीक्षा होतात. तेरावीत अग्रक्रम मिळवणाऱ्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळते. त्यांना ‘लॉरिएट’ म्हणतात आणि निकालाच्या दिवशी त्यांचा जाहीर गौरव होतो.

शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होते. चिनी नववर्ष, महाशिवरात्र, ईद, दिवाळी, नाताळ या सार्वजनिक सुट्ट्या सर्व विद्यार्थ्यांना समान असतात. गणेशचतुर्थीचाही त्यांत समावेश आहे.