दाढी न निघणारा सांता

न्यू जर्सीतल्या एका लहानशा घरात हॅरी स्टॅडलिंग नावाचा एकटा, मध्यमवयीन माणूस आरशासमोर उभा आहे. अंगात सांताक्लॉजचा लाल डगला. पांढरी दाढी त्याने गोंदाने चेहऱ्यावर चिकटवली आहे आणि आता ती ओढून पाहतो आहे. दाढी निघत नाही. आणखी जोर लावतो, तरी निघत नाही. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो निखळ आनंद पसरतो, तो पाहून प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. तोवर चित्रपटात रक्ताचं नाव नाही, एकही खून झालेला नाही.

हा चित्रपट म्हणजे १९८० सालचा 'ख्रिसमस ईव्हिल'. दिग्दर्शक लुईस जॅक्सन यांनी त्याला नाव दिलं होतं 'यू बेटर वॉच आउट', सांताच्या आगमनाची चाहूल देणाऱ्या १९३४ सालच्या लोकप्रिय गाण्यातून उचललेलं. पुढे व्हिडिओ कॅसेटवर तो 'टेरर इन टॉयलँड' या तिसऱ्याच नावानेही फिरला. प्रदर्शित झाला तेव्हा फारसा कुणी पाहिला नाही. आज मात्र दर डिसेंबरात तो श्रद्धेने पाहणारे चाहते आहेत. आडवाटेच्या एका भयपटावर एवढा जीव का जडावा, याचा शोध घेताना मला जे उत्तर सापडलं ते असं: या चित्रपटातली भीती सुऱ्याची नाही, श्रद्धेची आहे. साऱ्या गावात सांतावर खरोखर विश्वास ठेवणारा हॅरी हा एकटाच मोठा माणूस आहे.

सणात भीती कशाला, हा प्रश्न मराठी वाचकाला पडू नये. फराळाचं ताट शेजारी ठेवून नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचत आपल्या कित्येक पिढ्यांची दिवाळी गेली आहे. 'धनंजय'सारखा दिवाळी अंक तर रहस्य आणि भय यांसाठीच ओळखला जातो. इंग्लंडात हेच नाताळात चालत आलं. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही १८४३ सालची कथा म्हणजे शेवटी भुतांचीच गोष्ट. पुढे एम. आर. जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्रांना जमवून, मेणबत्तीच्या उजेडात आपल्या भूतकथा वाचून दाखवत. १९७१पासून बीबीसीने नाताळात भूतकथा दाखवायला सुरुवात केली, त्याही बऱ्याचशा जेम्स यांच्याच कथांवर. दिवस लहान, रात्र मोठी, घरात माणसं जमलेली. अशा वेळी भयकथा रंगतेच.

चित्रपटांनी मात्र थेट सांतालाच हाती शस्त्र देऊन उभं केलं. त्याचं मूळ १९५०च्या दशकातल्या भयकथांच्या कॉमिक्समध्ये आहे. त्यातली एक गोष्ट १९७२ साली 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या ब्रिटिश चित्रपटात आली. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला खुनी सांताच्या वेशात दारात येतो आणि आत जोन कॉलिन्स एका प्रेतासह अडकलेली. तिथे सांता हा निव्वळ मुखवटा होता. जॅक्सन यांनी तो मुखवटाच काढून टाकला.

त्यांची गोष्ट १९४७च्या नाताळच्या रात्री सुरू होते. धुराड्यातून उतरणारा सांता हॅरी आणि फिलिप हे दोघे लहान भाऊ आईसोबत पाहतात. फिलिप म्हणतो, ते तर बाबाच होते. हॅरीला ते पटत नाही. तो पुन्हा खाली जातो तर सांता आईशी लगट करताना दिसतो. पोर माळ्यावर पळतं, काचेचा गोळा फोडतं, काचेने स्वतःचा हात कापून घेतं. मग एकदम ३३ वर्षांनंतरचा हॅरी दिसतो: सांताच्या रंगाचे कपडे घालून झोपणारा, 'जॉली ड्रीम' नावाच्या खेळण्यांच्या कारखान्यात नोकरी करणारा. घरभर सांताच्या बाहुल्या. दुर्बिणीतून तो शेजारपाजारच्या मुलांवर नजर ठेवतो आणि दोन जाड वह्यांत नोंदी करतो, एक चांगल्या मुलांची, एक वाईट मुलांची.

या वह्या आणि ती दुर्बीण मला या चित्रपटाचा गाभा वाटतात. व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी १८६०च्या दशकात 'हार्पर्स वीकली'मध्ये सांताला आजचं गोलमटोल रूप दिलं. त्यांच्या १८६६ सालच्या चित्रमालिकेत सांता दुर्बिणीतून मुलांना न्याहाळतो आणि त्यांच्या वागणुकीची वही ठेवतो. आपण ते गोड मानून पुढे गेलो. हॅरी तेच करतो, अक्षरशः तेच, आणि अंगावर काटा येतो. युरोपात आल्प्सच्या परिसरात संत निकोलस बक्षीस देतो आणि शिंगं असलेला क्राम्पुस शिक्षा करतो. ५ डिसेंबरच्या रात्री क्राम्पुस रस्त्यावर उतरतो. तिथे दोन कामांना दोन जण आहेत. अमेरिकेत क्राम्पुस गळाला, पण वाईट मुलांची यादी सांताच्याच हातात राहिली. त्या यादीचं पुढे काय होतं, हे विचारणारा चित्रपट जॅक्सन यांनी काढला.

आणि विचारताना ते घाई करत नाहीत. जवळजवळ निम्मा चित्रपट नुसता अपमान साठवण्यात जातो. सहकारी फ्रँक खोटं कारण सांगून आपली पाळी हॅरीवर ढकलतो. हॅरी घरी जाताना पाहतो तर स्वारी बारमध्ये मित्रांसोबत. कारखान्याचे साहेब इस्पितळातल्या मुलांना खेळणी देण्याची जाहिरात करतात, पण त्यांना त्या मुलांशी काही घेणंदेणं नाही, हे हॅरीला कळतं. तेव्हा तो गाडीवर बर्फगाडीचं चित्र रंगवतो, कारखान्यातली खेळणी चोरतो आणि खरोखर इस्पितळात नेऊन देतो. तिथले कर्मचारी हरखून जातात. ज्याचं नाव वाईट वहीत आहे त्या पोरासाठी मातीची पिशवी. मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर पडलेले काही तरुण त्याची टर उडवतात, आणि तिथे पहिल्यांदा रक्त सांडतं, तेही खेळण्यातल्या शिपायाच्या भाल्याने.

फ्रँकच्या घरी हॅरी धुराड्यातून उतरायला जातो आणि अडकतो. हे दृश्य हसू आणतं आणि त्याच वेळी जीव कळवळतो. नियम म्हणजे नियम, सांता धुराड्यातूनच येणार. वाटेत एका सभागृहातली कुटुंबं त्याला आग्रहाने नाचायला ओढून नेतात. मुलांना तो सांगतो, चांगलं वागा, नाहीतर काय होईल ते बघा. आणि सगळे मोठ्याने हसतात. सांताकडून आपण हीच धमकी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, म्हणून कुणालाच ती धमकी वाटत नाही. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत भेदक क्षण आहे. पोलीस ठाण्यात ओळखपरेडीसाठी सांतांची रांग उभी केली जाते, तो प्रसंगही विसरणं अवघड.

हे सारं पेलतं ते ब्रँडन मॅगार्ट या नटामुळे. ते ब्रॉडवेवरचे मुरलेले कलाकार. 'अप्लॉज' या संगीतिकेसाठी १९७० साली त्यांना टोनी पुरस्काराचं नामांकन होतं. 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या कार्यक्रमाच्या पहिल्या पर्वात 'बडी अँड जिम' या जोडीतला बडी तेच. मुलांना हसवणाऱ्या माणसाचा मऊपणा त्यांच्या हॅरीत उतरला आहे. त्यांची मुलगी गायिका फियोना अॅपल. धाकटा भाऊ फिलिप झालेले जेफ्री डेमन पुढे 'द वॉकिंग डेड'मधून घरोघरी पोहोचले. छायालेखक रिकार्डो आरोनोविच यांनी त्याआधी लुई माल आणि अॅलाँ रेने यांच्यासाठी काम केलं होतं. कमी पैशांच्या भयपटाला असा छायालेखक मिळणं दुर्मीळ, आणि पडद्यावर ते दिसतं: लाल-हिरव्या दिव्यांची ऊब घरांच्या आत, हॅरी बाहेर थंडीत.

प्रेक्षकांनी पाठ का फिरवली, हे समजण्यासारखं आहे. 'हॅलोवीन' १९७८चा, 'फ्रायडे द थर्टीन्थ' १९८०चा. लोकांना झटपट भोसकाभोसकी हवी होती. १९८४ साली 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' आला तेव्हा जाहिरातीतला कुऱ्हाडवाला सांता पाहून पालक रस्त्यावर उतरले आणि काही आठवड्यांतच तो चित्रपटगृहांतून काढून घ्यावा लागला. त्या बदनामीने तो प्रसिद्ध झाला. जॅक्सन यांच्या चित्रपटाला बदनामीचाही लाभ झाला नाही.

त्याला उचलून धरलं ते बाल्टिमोरच्या जॉन वॉटर्स यांनी. 'पिंक फ्लेमिंगोज'चे हे दिग्दर्शक. १९८०च्या दशकात नाताळावर लिहिलेल्या लेखात त्यांनी या चित्रपटाचे गोडवे गायले, आणि आजवरचा सर्वोत्तम नाताळपट हाच, असं ते सांगत राहिले. त्यांच्या बोलण्यात थट्टा असते, पण या प्रेमात नाही. २००६ साली सिनॅप्स कंपनीने डीव्हीडी काढली तेव्हा त्यांनी जॅक्सन यांच्याशेजारी बसून चित्रपटाबरोबर चालणारं भाष्य केलं. त्याआधी वर्षानुवर्षं अंधूक, स्वस्त प्रतींवर चाहत्यांना भागवावं लागलं होतं. २०१४मध्ये व्हिनेगर सिंड्रोम या कंपनीने स्वच्छ केलेली ब्ल्यू-रे आवृत्ती आणली आणि आरोनोविच यांचे रंग पुन्हा दिसू लागले.

चाहत्यांचं भांडण सर्वांत जास्त रंगतं ते शेवटावर, आणि ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. मशाली घेतलेला जमाव हॅरीच्या मागे लागतो. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'ची ही उघड आठवण आहे. त्याआधी एका रस्त्यावर मुलं त्याच्यापुढे ढाल होऊन उभी राहतात, आपल्याच बापांच्या विरोधात. अखेर त्याची गाडी पुलावरून कोसळते आणि खाली पडण्याऐवजी आकाशात झेपावते, चंद्राच्या दिशेने. काही जण म्हणतात, हा मरणाऱ्या मेंदूचा भास. काही म्हणतात, गाडी खरंच उडाली. मी दुसऱ्या पक्षात आहे. चित्रपटाने सुरुवातीपासून हॅरीच्या श्रद्धेची चेष्टा केलेली नाही, मग शेवटच्या मिनिटात ती खोटी ठरवण्याचा त्याला अधिकार नाही. शिवाय त्या उड्डाणावर आपल्याला ऐकू येते ती १८२३ साली प्रथम छापलेली, सांताची आठ हरणांची गाडी अमेरिकेला देणारी कविता. दिग्दर्शकाने इतकी स्पष्ट साक्ष ठेवल्यावर भासाचा आधार कशाला घ्यायचा?

दोष आहेतच. मधला पोलिसांचा भाग रेंगाळतो, आणि फिलिपच्या बायकोच्या वाट्याला काळजी करण्यापलीकडे काही नाही. पण खुनी माणसाला राक्षस न करता त्याच्या दुःखाशेजारी बसवणारा इतका प्रामाणिक भयपट त्या दशकात क्वचितच सापडेल. जॅक्सन यांचा हा तिसरा पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि शेवटचाही; त्यानंतर त्यांनी एकही दिग्दर्शित केला नाही. येत्या डिसेंबरात पाहणार असाल तर स्वच्छ केलेली प्रतच मिळवा, पहिला पाऊण तास धीर धरा, आणि लहान मुलांना सोबत बसवू नका.