प्लेट नंबर ५०१

जीप्लेट्स उघडलं की समोर रिकामा गोल येतो. अक्षांश-रेखांशांच्या रेघा तेवढ्या असतात. ना समुद्र, ना जमीन. गूगल अर्थची सवय असलेल्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय. पण इथे पृथ्वी आपली आपण आणायची असते. मेनूत जाऊन आधी किनाऱ्यांची फाइल उचलायची. ओळखीचा नकाशा उमटतो, पण वरची काळाची पट्टी कितीही मागे ओढली तरी एकही खंड जागचा हलत नाही. मग भ्रमणांची फाइल उचलायची. आता पट्टी ओढली की हिंदी महासागर मिटायला लागतो आणि भारत दक्षिणेकडे चालू पडतो.

भूपट्टांचा, म्हणजे प्लेट्सचा, इतिहास मागे-पुढे फिरवून दाखवणारं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. सिडनी विद्यापीठातला अर्थबाइट हा गट त्याच्या केंद्रस्थानी आहे, डीटमार म्युलर त्याचे प्रमुख. कॅलिफोर्नियातलं कॅलटेक आणि नॉर्वेतले भूवैज्ञानिकही या कामात आहेत. विंडोज, मॅक, लिनक्स, कशावरही चालतं, फुकट मिळतं, आणि त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो. पण मला विचाराल तर कोडपेक्षा ती भ्रमणांची फाइल उघडी असणं जास्त मोलाचं आहे.

ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत नुसते आकडे, ओळींवर ओळी. प्रत्येक ओळीत आधी प्लेटचा क्रमांक, मग काळ दशलक्ष वर्षांत, मग एका ध्रुवाचे अक्षांश आणि रेखांश, मग कोन, आणि शेवटी दुसऱ्या एका प्लेटचा क्रमांक. आफ्रिका ७०१, अंटार्क्टिका ८०२, ऑस्ट्रेलिया ८०१, मादागास्कर ७०२. भारत ५०१. आजच्या काळाची ओळ सगळ्यांचीच सारखी: काळ शून्य, ध्रुव ९० अंशांवर, कोन शून्य. म्हणजे काहीच हललेलं नाही. त्याखालच्या ओळींत खरी गंमत सुरू होते.

अंतर सेंटीमीटरमध्ये न देता कोनात का द्यायचं? कारण पृथ्वी गोल आहे. गोलावरचा कुठलाही ताठ तुकडा एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा असेल, तर कितीही वाकडीतिकडी वाट दिसली तरी ते काम केंद्रातून जाणाऱ्या एका अक्षाभोवतीच्या एका वळशात होतं. हे गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकातच दाखवून ठेवलं होतं. १९६५ साली बुलार्ड, एव्हरेट आणि स्मिथ यांनी केंब्रिजच्या संगणकावर अटलांटिकचे दोन्ही काठ जुळवले ते याच नियमाने. एकाच प्लेटवरची दोन गावं वेगवेगळ्या वेगाने सरकतात तेही यामुळेच: त्या अक्षाच्या टोकाजवळचं, म्हणजे ओळीतल्या ध्रुवाजवळचं, गाव रेंगाळतं, ९० अंश दूरचं सगळ्यांत जास्त पळतं.

ओळीतला शेवटचा क्रमांक मात्र नवख्याला चकवतो. कुठलीही प्लेट स्वतःपुरती हलत नाही, ती कुणाच्या तरी सापेक्ष हलते. भारत एका शेजाऱ्याच्या हिशेबाने, तो शेजारी आफ्रिकेच्या हिशेबाने, आणि आफ्रिका पृथ्वीच्या आसाच्या हिशेबाने, ज्याला ००० हा क्रमांक आहे. वंशावळीसारखी ही रचना. वरच्या पिढीत कोन अर्ध्या अंशाने बदलला तर खालचे सगळे सरकतात. शिवाय काळानुसार शेजारी बदलतो. ज्या क्षणी तो बदलतो त्या काळाच्या दोन ओळी लिहाव्या लागतात, एक जुन्या नात्याची आणि एक नव्या; याला क्रॉसओव्हर म्हणतात. दोन ओळींचा हिशेब जुळला नाही तर अख्खा खंड एका क्षणात शेकडो किलोमीटर उडी मारू शकतो. पडद्यावर हे बघताना हसू येतं.

दुसरी एक खोड डोळ्याला सवय झाली की दिसते. फाइलमध्ये दर वर्षाची नोंद नसते, मोजक्या काळांच्याच असतात. मधली वाट सॉफ्टवेअर स्वतः भरतं, एकसारख्या वेगाने. त्यामुळे भारत एका दिशेने छान चाललेला असतो आणि अचानक वळतो. तो झटका पृथ्वीने दिलेला असेलच असं नाही. तिथे फक्त पुढची ओळ सुरू झालेली असू शकते. ॲनिमेशन बघून वाहवा करणाऱ्याला हे सांगितलं की त्याचा उत्साह जरा ओसरतो, पण सांगायला हवं.

मग हे कोन येतात कुठून? मुख्यतः समुद्राच्या तळातून. मध्य-सागरी पर्वतरांगेतून लाव्हा वर येतो, थिजताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो आणि दोन्ही बाजूंना सरकत राहतो. पृथ्वीचं क्षेत्र मधूनमधून उलटतं, म्हणून तळावर सुलट-उलट पट्टे तयार होतात. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये हा अर्थ लावला तो अरबी समुद्राच्या दक्षिणेकडच्या कार्ल्सबर्ग रांगेवर जहाजाने घेतलेल्या मोजमापांवरून. तीच रांग आज भारत आणि आफ्रिका यांच्या बाजूच्या प्लेट वेगळ्या करते. एकाच वयाचा पट्टा रांगेच्या दोन्ही अंगांना सापडला की ते दोन एकमेकांवर बसवायचे. बसवायला जो वळसा लागतो तोच फाइलमधला कोन. आपल्या बाजूच्या समुद्रातले पट्टे ओळखण्याच्या कामात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांचा मोठा वाटा आहे.

मुंबई घालून बघावी म्हणून मी नकाशावर एक नवा बिंदू टाकला. सॉफ्टवेअर लगेच दोन गोष्टी विचारतं: हा कुठल्या प्लेटचा, आणि कधीपासून कधीपर्यंत अस्तित्वात होता. प्लेट ५०१, हे सोपं. दुसऱ्या प्रश्नाला ‘दूरच्या भूतकाळापासून’ असंही उत्तर देता येतं. ते दिलं तर दहा कोटी वर्षांपूर्वीही मुंबईचा ठिपका मादागास्करला चिकटलेल्या भारतावर दिसतो. पण मुंबईखालचा बसाल्ट तेव्हा बाहेरच पडला नव्हता. दख्खनचे लाव्हा वाहिले ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास. सुरुवातीचा काळ तेवढा लिहिला की ठिपका त्या वेळी प्रकट होतो. किनाऱ्याचंही तसंच. कोकणपट्टीची रेघ आज आहे म्हणून काळाच्या मागे मागे नेली जाते, ती फक्त ओळख पटावी म्हणून. तेव्हा तिथे तो किनारा नव्हता.

साडेसहा कोटींपासून पट्टी हळूहळू पुढे आणत गेलं की भारताच्या पश्चिम अंगाला चिकटलेला एक छोटा तुकडा सुटताना दिसतो. ते सेशेल्स. त्याची मुख्य बेटं लाव्हाची नाहीत, सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षं जुन्या ग्रॅनाइटची आहेत. भर समुद्रात पडलेली खंडाची कपची. कार्ल्सबर्ग रांग मध्ये उघडते, सेशेल्स मागे राहतं आणि भारत उत्तरेला सुसाट सुटतो. त्या काळातला त्याचा वेग वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या पुढे, म्हणजे दशलक्ष वर्षांत दीडशे किलोमीटर. आज तो साधारण पाच सेंटीमीटरवर आला आहे.

त्या वेळी मुंबई नेमकी किती दक्षिणेला होती, हे मात्र ठरवावं लागतं. स्थिर मानलेल्या खोल उष्ण जागांचा आधार घेतला तर एक अक्षांश येतो, खडकांतल्या चुंबकत्वाचा घेतला तर दुसरा, आणि दोघांत काही अंशांचा फरक पडू शकतो. चुंबकत्वाचा पुरावा आपल्याला जवळचा आहे: इम्पीरियल कॉलेजच्या जॉन क्लेग आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात दख्खनच्या बसाल्टची मोजणी केली, आणि भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून आला आहे हे त्यातून दिसलं, तेही बहुतेक भूवैज्ञानिक खंडवहनाला नाकं मुरडत होते त्या दिवसांत. पण खडकातला होकायंत्राचा काटा अक्षांश सांगतो, रेखांश सांगत नाही. पूर्व-पश्चिम कुठे ठेवायचं हे दुसऱ्या कशावरून तरी ठरतं. जीप्लेट्समध्ये कुठली प्लेट स्थिर धरायची तो क्रमांक बदलला की अख्खं जग वेगळंच फिरायला लागतं. ५०१ स्थिर धरून पाहा: भारत जागेवर, आणि आशियाच खाली येऊन आदळतो.

मागे जाल तसा समुद्राचा आधारही सुटत जातो. आज शिल्लक असलेला महासागरी तळ बहुतेक सगळा वीस कोटी वर्षांच्या आतला आहे. त्याआधीचा भूगर्भात गेला. तरीही मर्डिथ आणि सहकाऱ्यांचं २०२१ चं मॉडेल शंभर कोटी वर्षांपर्यंत जातं. तिथे खंडांवरचे खडक, जुने पर्वतपट्टे आणि पुराचुंबकत्व एवढ्यावरच भिस्त. पडद्यावर मात्र शंभर कोटी आणि एक कोटी दोन्ही सारख्याच ठाशीव रेघांनी दिसतात. ही या सॉफ्टवेअरची सगळ्यांत मोठी अडचण आहे असं मला वाटतं: खात्री आणि अंदाज यांना एकच रंग मिळतो.

त्यावरचा उतारा त्याच फाइलमध्ये सापडतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह टाकून टीप लिहायची सोय आहे. हा कोन कुणाच्या लेखातला, कुठल्या चुंबकीय पट्ट्यावरून, कुणी दुरुस्त केला. टाकून दिलेल्या ओळीही बऱ्याचदा पुसत नाहीत. सुरुवातीचा क्रमांक ९९९ करतात. सॉफ्टवेअर ती ओळ ओलांडून पुढे जातं, माणूस ती वाचू शकतो. नुसत्या टिपा वाचत गेलं तरी कोण कुणाशी सहमत नाही हे कळतं.

सर्वांत जास्त भांडण भारताच्या उत्तर टोकावर आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाली आणि भारताचा बराच उत्तर भाग तिबेटखाली गेला किंवा हिमालयात चुरगळला. तो गेलेला भाग केवढा होता, हे कुठल्याच पट्ट्यावर लिहिलेलं नाही. म्हणून ५०१ च्या उत्तरेला प्रत्येक मॉडेलकार आपापल्या अंदाजाने कडा काढतो. दोन मॉडेलं एकाच पडद्यावर एकावर एक टाकली आणि पट्टी सहा कोटींवर थांबवली, तर दक्षिणेला कन्याकुमारीच्या रेघांत थोडंच अंतर दिसतं. उत्तरेला मात्र दोन कडांमध्ये शेकडो किलोमीटर मोकळे राहू शकतात, आणि तिथे कुठलं मॉडेल घ्यायचं ते वापरणाऱ्याने टिपा वाचून ठरवायचं.